आधीचा आजार : नाही

प्रवासविमा विकणाऱ्या बाईला लोक दोनदाच ओळखतात. एकदा जायच्या आदल्या दिवशी आणि एकदा परदेशात आडवं पडल्यावर. एरवी मी बाजारात समोरून आले तरी माणसं भाजीकडे बघतात. मी त्यांच्या पडण्याची वाट बघत उभी आहे असं त्यांना वाटत असावं.

संगमनेरच्या बसस्टँडजवळ, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मी बावीस वर्षं हे काम केलं. विमानाची तिकिटं, पासपोर्टचे फॉर्म, व्हिसाची कागदपत्रं आणि विमा. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आया, दुबईला चार दिवस जाऊन येणारे व्यापारी, निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर सिंगापूर बघायला निघालेले मास्तर लोक, सगळे तो लाकडी जिना चढून यायचे. तिकिटाला कोणी नाही म्हणायचं नाही. विम्याचं नाव काढलं की मात्र तोंडं वाकडी. "मला काय धाड भरलीय?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. एका गृहस्थांनी विचारलं, "काही झालं नाही तर हप्ता परत मिळतो का?" मी म्हटलं, "हप्ता नाही मिळत. तुम्ही परत मिळता." ते रागावून खाली गेले, चहा पिऊन परत आले आणि विमा काढून गेले.

बाहेरच्याला या धंद्यातली एकच गोष्ट कळली तरी पुरे. फॉर्मवर नाव, वय, पासपोर्टचा नंबर या सगळ्याच्या खाली एक प्रश्न असतो, आधीपासून काही आजार किंवा नेहमीचं औषध आहे का. समोर दोन चौकोन, हो आणि नाही. आजार लिहिला तर कंपनी डॉक्टरचे कागद मागते, तपासण्या सांगते, आठ-दहा दिवस घेते आणि कधी सरळ नकार देते. पण लिहिलेला आजार कंपनीने मान्य केला, तर परदेशात त्याच आजाराने जिवावर बेतल्यास जीव वाचवण्यापुरता खर्च काही पॉलिसींत मिळतो. लपवलेला आजार उघडा पडला तर मात्र पायाला मुंगी चावल्याचे पैसेसुद्धा मिळत नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न विचारणंच अवघड. माणूस एकटा येतच नाही. बरोबर जावई असतो, व्याही असतो, शेजारचा कोणीतरी जाणकार असतो आणि त्यांच्यासमोर कोण सांगणार की मला फिट येते किंवा शुगर आहे? म्हणून मी बरोबरच्या मंडळींना झेरॉक्स काढायला पिटाळायची. खाली रांग असली तर फारच उत्तम. तेवढ्या वेळात समोरचा माणूस पुढे वाकून खरं सांगायचा. या युक्तीचा मला फार अभिमान होता. खरं काढून घेतल्यावर त्याचं मी काय करत होते, हे मात्र मी स्वतःला कधी विचारलं नाही.

सुरुवातीला मी इमानदारीने सगळं लिहायची. मग काय झालं, तर इथल्याच एका कापड दुकानदाराचा विमा मी घाईघाईत 'नाही' टाकून काढून दिला. सिंगापूरला त्याचा पाय मोडला. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं आणि याने भोळेपणाने सांगून टाकलं, दहा वर्षांची शुगर आहे. ते तिथल्या कागदावर चढलं, कागद कंपनीकडे गेला आणि कंपनीने हात वर केले. दुकानदार माझ्यावर उखडला, मी त्याच्यावर उखडले. यातून शहाण्या माणसाने धडा घेतला असता की खरं लिहावं. मी धडा घेतला तो उलटा. त्यानंतर मी प्रत्येकाला पढवायला लागले, की इथे फॉर्मवर एक आणि तिथे तोंडाने दुसरं असं चालायचं नाही. कोणीही विचारलं तरी जे लिहिलंय तेच सांगायचं.

शांतवन साळवे गुरुजी माझ्याकडे आले ते पवित्र भूमीच्या यात्रेसाठी. तिकडची लढाई पेटायच्या आधीची गोष्ट, तेव्हा या सहली बिनघोर जायच्या. कोल्हारच्या बाजूच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतले अठरा जण निघाले होते. जॉर्डन, यरुशलेम, बेथलेहेम, शेवटी कैरो. गुरुजींनी उभी हयात शाळेत आणि रविवारी देवळात मुलांना शिकवलं होतं. फळ्यावर यार्देन म्हणजे जॉर्डन नदीचा नकाशा काढला की मुलं विचारायची, "गुरुजी, आपल्या प्रवरेएवढी हाय का?" "मी दरवर्षी ठोकून द्यायचो, हो, तेवढीच आहे," ते हसत सांगायचे. "आता एकदा बघून तरी येतो."

सोळा जणांनी विमा काढला. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी मार्थाबाई तेवढ्या राहिल्या. पहिल्यांदा आले तेव्हा गुरुजी म्हणाले, "देवाच्या दारी निघालोय ताई, विमा कशाला?" मी म्हटलं, "देवाच्या दारात पण फरशी निसरडी असते." मार्थाबाई हसल्या. दुसऱ्यांदा आले तेव्हा जायला नऊ दिवस उरले होते आणि गुरुजींच्या काखेत एक फाईल होती.

त्यांना काही झेरॉक्सला पाठवावं लागलं नाही. स्वतःहूनच सांगितलं. चार वर्षांपासून हृदयाचे ठोके मध्येच चुकतात. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ राहायची गोळी रोज घ्यावी लागते. "तुमच्या फॉर्मवर हे सगळं लिहून घ्या," असं म्हणून त्यांनी फाईल टेबलावर ठेवली.

मी ती उघडली नाही. उलट त्यांच्याकडे सरकवली. "ही पिशवीत ठेवा गुरुजी. मला दाखवूच नका. हे लिहिलं तर कंपनी कागद मागणार, तपासण्या सांगणार. नऊ दिवसांत उत्तर नाही आलं तर? नाही म्हणाली तर? मग मोडक्या पायाचाही विमा नाही तुम्हाला."

गुरुजींनी फाईल मांडीवर घेतली. मार्थाबाईंनी विचारलं, "मंग खोटं लिवायचं व्हय?"

"खोटं कुठे? गप्प राहायचं. सगळे तेच करतात."

"पन तितं कुनी इचारलं तर?"

"कोणीही विचारू दे. डॉक्टर का असेना. दवाखान्याचा कागद शेवटी कंपनीकडेच जातो. आजार नाही, गोळी नाही, एवढंच म्हणायचं."

मार्थाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगणारा तो माणूस माझ्या टेबलावरचा कागद बघत होता. मग हळूच म्हणाले, "ताईंना यातलं जास्त कळतं." मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली. त्यांनी सही केली. पाच मिनिटांत पॉलिसी निघाली आणि माझ्या कामाच्या झपाट्याचं मलाच कौतुक वाटलं.

ते यात्रेला निघाले त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला फोन वाजला. सहलीबरोबर गेलेला पुण्याचा मॅनेजर जॉर्डनमधल्या अम्मानच्या दवाखान्यातून बोलत होता. सकाळी जवळच्या नबो डोंगरावर दगडी पायऱ्या उतरताना साळवे गुरुजी पडले, डोकं आपटलं. सुरुवातीला उठून बसले, पाणी प्यायले, माझ्यासाठी कोणी थांबू नका म्हणाले. गाडीत बसल्यावर उलटी झाली आणि शब्द अडखळायला लागले. आता झोपेसारख्या गुंगीत होते. डोक्याच्या फोटोत आतमध्ये रक्त साचलेलं दिसत होतं. यार्देन दुसऱ्या दिवशी बघायची होती.

विमा कंपनीच्या हेल्पलाइनची मुलगीही त्याच कॉलवर होती. आवाजावरून विशीतली असावी. हा कॉल रेकॉर्ड होत आहे, असं तिने आधीच सांगून ठेवलं. मग शांतपणे वाचून दाखवलं, "आधीचा आजार नाही. नियमित औषध नाही. दवाखान्याला खर्चाची मंजुरी पाठवायची प्रक्रिया सुरू करते."

मॅनेजर म्हणाला, "ताई, डॉक्टर आता डोक्याच्या ऑपरेशनला घेताहेत. एकच विचारताहेत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असली तर आधी त्याचा उतारा द्यावा लागतो, नाहीतर रक्त थांबणारच नाही म्हणतात. काकूंना तीनदा विचारलं, त्या नाही म्हणतात. फॉर्मवर पण नाहीच आहे. तो तुम्हीच भरलाय ना? मग डॉक्टरांना पक्कं सांगू?"

माझ्या हातची ती खूण आता तिथला डॉक्टर पुरावा म्हणून वापरणार होता.

मी गप्प बसले. हे कबूल करायला नको वाटतं, पण बसले. माझं लायसन्स डोळ्यांसमोर आलं. खरं सांगितलं तर विमा जाईल आणि परमुलखात हे दोघं काय करतील, हेही आलं. मी त्यांचाच विचार करतेय असं स्वतःला सांगत होते. खाली सायकलवाला टायरमध्ये हवा भरत होता, तो आवाज ऐकू येत होता.

"ताई, लाइनवर आहात ना?"

"मार्थाबाईंना फोन द्या," मी म्हटलं.

मार्थाबाईंचा आवाज आला आणि तो घाबरलेला असला तरी त्यात एक शाबासकीची अपेक्षा होती. "ताई, मी सांगितलं समद्यांना. आजार न्हाई, गोळी न्हाई. तुमी म्हनला हुता तसंच."

"मार्थाबाई, आता खरं सांगायचंय. डॉक्टरला सांगा, गोळी घेतात म्हणून."

"न्हाई घेत ओ."

"मी सांगतेय ना. सांगा."

"तुमीच म्हनला हुता, डाक्टर का असंना." त्यांचा आवाज खाली गेला. "मघा त्यांना शुद्ध हुती तवा त्यांनी माजा हात दाबला. म्हनले, बोलू नगंस. इमा गेला तर ही मानसं आमाला भायेर काडतील ताई. मला हितली भाषा येत न्हाई. मी कुटं नेऊ त्यांना?"

मी समजावलं, मी ओरडले. त्या बाईने नवऱ्याला शब्द दिला होता आणि तो शब्द मी पढवलेला होता. जोवर विमा शाबूत होता तोवर ती तोंड उघडणार नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. मी फोनवरून हो म्हटलं आणि शेजारी उभी बायको नाही म्हणत राहिली, तर डॉक्टर कोणाचं धरणार? मग करण्यासारखं एकच उरलं.

"हेल्पलाइनच्या ताई, ऐकताय ना? लिहून घ्या," मी म्हटलं. "साळवे गुरुजींना चार वर्षांपासून हृदयाच्या ठोक्यांचा आजार आहे. रक्त पातळ व्हायची गोळी रोज घेतात. फॉर्म भरताना त्यांनी मला हे सांगितलं होतं, फाईलही आणली होती. 'नाही' मी लिहिलं. आणि तिथे खोटं सांगायला मीच शिकवलं."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज थांबला. मुलगी म्हणाली, "मॅडम, असं असेल तर मी मंजुरी पुढे पाठवू शकत नाही."

"नका पाठवू. मार्थाबाई, ऐकलंत? विमा गेला. आता राखायला काही उरलं नाही. सांगा."

मग त्या म्हणाल्या, "घेत्यात. रोज घेत्यात. आज सकाळच्यालाबी घेतली. मीच दिली." आणि रडायला लागल्या.

एवढ्याने भागलं नाही. कुठली गोळी, हे डॉक्टरला नावानिशी हवं होतं, कारण प्रत्येकीचा उतारा वेगळा. मार्थाबाईंना नाव माहीत नव्हतं. कोणी वाचू नये म्हणून घरून निघतानाच त्यांनी गोळ्या पाकिटातून सोलून बामाच्या रिकाम्या डबीत भरल्या होत्या. माझ्या शिकवणीवर त्यांनी घातलेली ही भर. नाव फाईलमध्ये होतं आणि फाईल घरी कपाटात ठेवलीय, म्हणाल्या. ती फाईल मी तेव्हा उघडली असती तर आता एका वाक्यात सांगता आलं असतं.

मी कोल्हारला त्यांच्या सुनेला, रूथला, फोन लावला. सासरे पडले, दवाखान्यात आहेत, कपाटातली फाईल काढ, एवढंच सांगितलं. पोरगी शहाणी. एकही प्रश्न न विचारता फोन तसाच चालू ठेवून आत धावली. पेटीचं झाकण आपटल्याचं ऐकू आलं, भांडं पडल्याचं ऐकू आलं. "कपाटात न्हाई ताई." मग बराच वेळ काहीच नाही. मग धापा टाकत, "घावली. बायबलाच्या खाली हुती." तिने कागदाचा फोटो पाठवला, मी तो मॅनेजरला पाठवला. त्याने तो बघितल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या आणि तिकडे डॉक्टर ऑपरेशनला आत गेले.

त्यानंतर मला कोणाचाच फोन आला नाही. मी खुर्चीतच बसून राहिले. एक नवराबायको व्हिएतनामच्या सहलीची चौकशी करायला जिना चढून आले, त्यांना मी उद्या या म्हटलं. बाईंनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, नाही. सात वाजता मॅनेजरचा निरोप आला, ऑपरेशन झालंय, आधी उतारा दिला म्हणून रक्त आवरलं, पुढचं दोन दिवसांत कळेल. ते दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. नवरा म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस का?" तो समजूत काढत होता, पण मला त्याचाच राग आला, कारण मी ते मुद्दामच केलं होतं.

गुरुजी वाचले. महिन्याभराने परत आले ते व्हीलचेअरवरून. विमा कंपनीने एक पैसा दिला नाही आणि नियमाने तिचं बरोबर होतं. त्यांनी, मुलाने आणि त्यांच्या चर्चच्या मंडळीने सगळं कसं निभावलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी माझ्याकडून काही द्यायला कोल्हारला गेले, तर रूथने चहा दिला आणि पाकीट परत माझ्या पर्समध्ये घातलं.

कंपनीने चौकशी केली. अधिकारी सभ्य होता. त्याने ते रेकॉर्डिंग मला ऐकवलं. माझं बोलणं ऐकायची मला भीती नव्हती. भीती होती ती मॅनेजरच्या "पक्कं सांगू?" नंतरच्या भागाची. तो आला. त्यात नुसती हवा भरल्याची फुसफुस आहे आणि ती संपतच नाही. मला वाटत होतं मी क्षणभर थांबले होते. तिथे बसून ऐकलं तेव्हा मॅनेजर तीनदा "हॅलो" म्हणालेला निघाला. मला त्यातला एकही ऐकू आला नव्हता. अधिकाऱ्याने रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं आणि माझं विम्याचं काम काढून घेतलं. मी का म्हणून विचारलं नाही.

त्याआधीच, म्हणजे गुरुजी पडले त्याच आठवड्यात, जायच्या तयारीत असलेल्या माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना मी बोलावून घेतलं होतं आणि 'नाही' खोडून खरं लिहायला लावलं होतं. एकाला कंपनीने नकार दिला, त्याची सहल रद्द झाली. त्याने बसस्टँडवर चारचौघांत माझा उद्धार केला. बरोबरच होतं त्याचं, आधी त्याला दुसरंच मी शिकवलं होतं. लोक मला अजून विचारतात, विमा काढावा का? मी म्हणते काढा, पण खरं लिहून मिळेल तोच काढा. तसा नाहीच मिळाला, तर विमा नाही हे पक्कं माहीत असू द्या आणि मग जायचं की नाही ते ठरवा. खोट्या कागदाच्या भरवशावर माणूस निर्धास्त होतो, त्यापेक्षा बिनकागदाचा घाबरलेला बरा.

दुकान कायमचं बंद करायच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला, गुरुजी आणि मार्थाबाई आले. मी वरून त्यांना जिन्यात बघितलं आणि खाली धावले, पण गुरुजींनी हाताने नको म्हटलं. डावा पाय ओढत, मध्ये दोनदा थांबत ते चढले. बोलणं सावकाश झालं होतं, शब्द शोधावा लागायचा. ते रागावलेले नव्हते आणि त्यामुळे माझी फार पंचाईत झाली. पासपोर्टांच्या नूतनीकरणाची तारीख विचारायला आलो, म्हणाले. जाणार कुठेच नव्हते. मला भेटायचं निमित्त होतं ते.

मी हात जोडले आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलले. चूक माझी होती, तुम्ही खरं घेऊन आला होता आणि मी ते परत पाठवलं. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "सही... माझी... होती." आणि हसायचा प्रयत्न केला. एका बाजूचं तोंड हसलं.

चहा झाला, निघायची वेळ झाली. गुरुजींना दाराशी उभं करून मार्थाबाई परत टेबलाशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता. किती दिवसांपासून पडलेला एक प्रश्न माहितगार बाईला विचारून घ्यावा, तशा त्या उभ्या होत्या.

"ताई, मी उभ्या जन्मात खोटं बोलले न्हाई. आईबापानं तसंच वाडवलं. तितं त्या डाक्टराला मी तीनदा खोटं बोलले, आन् हे शेजारी पडलेले. रोज परार्थनेला बसले की त्येच म्होरं येतं. वर गेल्यावर देवानं इचारलं मला, का बोललीस, तर मी तुमचं नाव सांगू का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या खरंच परवानगी मागत होत्या.

"सांगा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पदराने डोळे पुसले आणि गुरुजींचा हात धरून जिना उतरायला लागल्या.